अजून येऊ नको

शुक्रवार, १ डिसेंबर

पाणी जातंय. सुकन्याच्या पोटातलं, बाळाभोवतीचं. सातवा आत्ता कुठे लागला!

सकाळी शाळेत फळ्यावर गणित लिहिताना पायाखाली ओलं झालं. तिला आधी वाटलं, पहिल्या बाकावरच्या कुणाची तरी पाण्याची बाटली सांडली. त्या पोराला रागावलीसुद्धा. रिक्षात बसल्यावर तिला त्याचंच वाईट वाटत होतं — "बाबा, उगीच बोलले त्याला."

अंबाजोगाईचा मोठा दवाखाना. डॉक्टरबाई माझ्या लेकीच्याच वयाच्या असतील. सरळ बोलल्या. थैलीला चीर गेली आहे. बाळ आत्ता बाहेर आलं तर फुप्फुसं कच्ची. आत राहील तितकं चांगलं. मात्र आईला ताप आला तर थांबता येणार नाही. तोवर इंजेक्शनं, आणि उठायचं नाही.

"मग आम्ही काय करायचं?" सुकन्याच्या आईने, मंगलने विचारलं.

"वाट बघायची." मग बाई स्वतःच अडखळल्या. "म्हणजे — येऊ नये अशी वाट बघायची."

परवा आमचा आगमनकाळ लागतोय. नाताळाआधीचे चार रविवार, येणाऱ्याची वाट बघायचे. हे बाईंना कुणी सांगितलं असणं शक्य नाही.

आधी दोनदा मोडलंय. हे तिसरं. सुकन्या भिंतीकडे तोंड करून पडलीय. मंगलने तिच्या पायाखाली उशी दिली, मग अंगावरची शाल काढून तीही घडी करून दिली.

मी इतकी वर्षं पेपरला तालुक्याच्या बातम्या पाठवतोय. काय झालं, कुठे झालं, केव्हा झालं. जे व्हायचंच नाही म्हणून जीव टांगलाय, ते कसं लिहायचं हे कुणी शिकवलं नाही.

शनिवार, २ डिसेंबर

जावयाचा फोन. प्रविण तिकडे कृष्णाकाठच्या कारखान्यावर. ट्रॅक्टर ऊसवाहतुकीला लावलाय. मागे इंजिनाची घरघर. "मामा, निगू का?"

सुकन्याने फोन घेतला. "नको निघू. अजून काही झालेलं नाही. झालं की ये. आणि मागच्या ट्रॉलीचं टायर बघून घे, मागल्या खेपेला बसलं होतं."

काव्यशास्त्रात नवरा परगावी गेलेल्या नायिकेला प्रोषितभर्तृका म्हणतात. ती चंद्राला दोष देते, अंगाला चंदन लावून घेते. आमची टायरची हवा विचारते. हे तिला सांगितलं. हसली! मग एकदम पोटावर हात ठेवला. हसल्याने पाणी जास्त जातं म्हणे.

आता विनोदही बंद. माझ्याकडे दुसरं काय होतं?

रविवार, ३ डिसेंबर

पहिला रविवार. मंगलला तिच्याजवळ ठेवून गावी जाऊन आलो.

आमची मंडळी दसऱ्यानंतर ऊसतोडीला जाते ती उन्हाळा लागल्यावर परत येते. नाताळ त्यांचा फडात, पाचटाच्या शेकोटीजवळ. त्यामुळे येणाऱ्याची वाट बघायची वेळ आली की आमच्या चर्चमध्ये कुणी नसतं. जगाचा तारणारा आमच्याकडे दरवर्षी रिकाम्या गावात येतो. उरतात त्या पाच-सहा म्हाताऱ्या, त्यांच्या पुढारी दगडाबाई, ऐकू न येणारे शमुवेल आजा, आणि मी. पाळकसाहेबांकडे सात गावं आणि एक मोटारसायकल, ते महिन्यातून एकदा येतात. बाकीचे रविवार मी वाचक. संस्कृतात एम.ए. केलं म्हणून गाव मला शास्त्रीबुवा म्हणतं. हिंदू हसत म्हणतात, ख्रिस्ती जरा जपून म्हणतात.

परातीत कडुलिंबाच्या डहाळ्यांचं कडं केलं, त्यात चार मेणबत्त्या रोवल्या. जांभळ्या हव्यात, अंबाजोगाईत वाढदिवसाच्या मिळतात, जांभळ्या नाहीत. पांढऱ्यांवर भागवलं. पहिली आशेची. पेटवली.

मग प्रार्थना. मी म्हणायचं, मंडळीने पाठोपाठ म्हणायचं — ये, प्रभू, ये.

तोंडातून शब्द निघेना. इतकी वर्षं म्हणतोय, कधी अडलं नाही! आज "ये" म्हणायला गेलो आणि दवाखान्यातली ती खाट दिसली. तिथे सगळा जीव एवढंच म्हणतोय — येऊ नको, अजून येऊ नको. एकाच तोंडाने दोन्ही कसं म्हणायचं? आणि वर ऐकणाऱ्याने दोन्हींतला फरक नाही केला तर?

खोकलो. दगडाबाईंनी एक क्षण वाट पाहिली आणि खणखणीत आवाजात पुढचं सगळं स्वतः म्हणून टाकलं.

मंगळवार, ५ डिसेंबर

शेजारच्या खाटेवर जिनत. तिला मुलगा झालाय, टाके ओले आहेत. तिची सासू अजमतबी पलंगाखाली चटई टाकून राहते. दोन दिवसांत सगळा वॉर्ड तिच्या ताब्यात. आज मला म्हणाली, "शास्त्रीबुवा, तुमचं तोंड बगून पेशंट घाबरंल. बाहीर जाऊन चाय पिऊन या."

पिऊन आलो. मग हळूच जवळ येऊन म्हणाली, "मी बी दुवा मागते तुमच्या लेकीसाठी. पर काय मागू? ये म्हनू का नको येऊ म्हनू?"

"थांब म्हणा."

"अल्लाला थांब म्हनू? लई शिकलेले तुमी!"

"अल्लाला नाही हो. बाळाला."

विचार करून म्हणाली, "ते बी कुनाचं आयकतंय. आमचा तर दोन दिस आदीच आला."

बुधवार, ६ डिसेंबर

थांबलंय.

शुक्रवार, ८ डिसेंबर

आज सुकन्या चिडली. मी पोटाजवळ वाकून म्हणत होतो, शहाणं बाळ, थांब, बाहेर लई थंडी आहे. ती म्हणाली, "बाबा, आई पोटाशी बोलते. तुम्ही पोटाशी बोलता. डॉक्टरबाई येतात, त्याही आधी पोटाला विचारतात. वर एक तोंडही आहे. त्याला कुणी काही विचारा."

"काय विचारू?"

"विचारा, जेवलीस का."

"जेवलीस का?"

"नाही. डाळीला मीठ नव्हतं."

मंगलने पदराआड हसून घेतलं. मीठ आणायला गेलो. जिन्यात बसून राहिलो थोडा वेळ, पुडी हातात धरून.

शनिवार, ९ डिसेंबर

शब्दांचं वाक्य कधी होतं? आमचे गुरुजी सांगत, तीन गोष्टी लागतात. आकांक्षा — एका शब्दाला दुसऱ्याची ओढ. योग्यता — ते एकमेकांना शोभले पाहिजेत. आणि संनिधी — जवळजवळ यायला हवेत. आज "गाय" म्हणून परवा "आण" म्हटलं तर गाय येत नाही. तेव्हा पाठ करून पास झालो.

आज वाटतंय, आगमनकाळ म्हणजे नुसती आकांक्षा. पहिला शब्द उच्चारून झालाय, दुसरा अजून नाही. मंडळी दोन हजार वर्षं ते अर्धं वाक्य तोंडात धरून उभी आहे. मला आठवडाभरच झालाय आणि जबडा दुखतोय.

रविवार, १० डिसेंबर

दुसरा रविवार, शांतीची मेणबत्ती. उपासनेआधी दगडाबाईंनी दारातच गाठलं.

"सर, मागल्या ऐतवारी तुमी 'ये' म्हनायचं सोडलं. कावून?"

"घसा बसला होता."

"घसा न्हाई. मला कळतंय." मग पदर सावरून म्हणाल्या, "म्या सात येळा बाळंत झाले. तिघं हायेत. मला नका सांगू घसा."

आज प्रार्थनेची वेळ आली तर त्या माझी वाट न बघताच उभ्या राहिल्या. "देवा, तू येनार हायेस तर ये. तुला कोन आडवतंय? पर सुकन्याच्या लेकराला तेवढं आत थांबीव. तू मोटा हायेस, तुला गर्दीतनं येता येतंय. ते लहान हाय."

बाकीच्या आमेन म्हणाल्या. शमुवेल आजांनीही म्हटलं, एका ओळीने उशिरा.

मग आम्ही गव्हाणी मांडली. सुतारकामाची जुनी, दर वर्षी दुसऱ्या रविवारी निघते. त्यात ज्वारीचा कडबा अंथरायचा आणि नाताळापर्यंत रिकामी ठेवायची. मग चिनीमातीचं बाळ त्यात निजवायचं. मी ती रिकामी पाहून बाहेर आलो. आजवर कितीदा पाहिली, पण यंदा तिच्याकडे बघवेना.

मंगळवार, १२ डिसेंबर

आजही थांबलं. शाबास! शाबास रे बाळा!

गुरुवार, १४ डिसेंबर

डेस्कवरून फोन. "सर, नाताळ पुरवणीला काहीतरी हळवं द्या ना. तुमचा तो आगमनकाळ की काय असतो — वाट बघणं वगैरे. तुम्ही त्यातलेच आहात."

मी त्यातलाच आहे! इतकं अचूक आजवर मला कुणी सांगितलं नव्हतं.

लिहायला बसलो. वाट बघणं म्हणजे आशा, असं पहिलं वाक्य. खोडलं. वाट बघणं म्हणजे दर तासाला लेकीच्या कपाळाला हात लावून बघणं आणि थंड लागलं की देवाचे आभार मानणं. दुसऱ्या तासाला पुन्हा. हे पुरवणीला चालणार नाही. देवदूत नेहमी "भिऊ नका" असं म्हणून सुरुवात करतात, डॉक्टर "बघू" म्हणतात. यावर एक परिच्छेद झाला असता. तोही जमला नाही.

त्याऐवजी उसाच्या ट्रॉल्यांना मागे लाल दिवे नसल्याची बातमी पाठवली.

रविवार, १७ डिसेंबर

तिसरा रविवार. आनंदाचा!

पाळकसाहेब आले होते. भला माणूस. आधी सुकन्याची चौकशी केली, माझा हात बराच वेळ धरून ठेवला. मग आत गेले, गव्हाणीजवळ वाकले आणि थबकले. कडब्यात काहीतरी निजवलेलं. दुपट्यात गुंडाळलेलं, डोक्याला लाल लोकरी टोपडं. टोपडं उचललं तर खाली वरवंटा.

"हे काय?"

"वरवंटा," दगडाबाई म्हणाल्या.

"ते मला दिसतंय."

"मंग इचारता कावून?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे.

"रिकामा पाळना ठिवत न्हाईत, साहेब. चांगलं नसतंय. बारशाला बी आदी वरवंटाच निजिवत्यात, मंग लेकरू. आन या साली तर सरांची लेक दवाखान्यात. रिकामी गव्हानी मांडून बसाव का आमी?"

"अहो बाई, ती रिकामी ठेवण्यालाच अर्थ आहे. आपण वाट बघतोय."

"बगा की वाट. त्यो वरवंटा काय तुमच्या मदी येतोय?"

म्हाताऱ्या तोंडावर पदर घेऊन हसल्या. साहेबही हसले, पण वरवंटा उचलला, टोपडं काढून दगडाबाईंच्या हातात दिलं आणि वरवंटा दाराआड ठेवला. नियमाने बरोबरच होतं ते. मी त्यांच्या जागी असतो तर हेच केलं असतं, शिवाय दोन श्लोकांचं प्रवचनही दिलं असतं.

आनंदाची मेणबत्ती मला पेटवायला सांगितली. तीन काड्या गेल्या. वारा होता, असं म्हणालो. दारं-खिडक्या बंद होत्या.

सोमवार, १८ डिसेंबर

सकाळी दवाखान्यात जायच्या आधी चर्च उघडलं. किल्ली माझ्याकडेच असते. दाराआडचा वरवंटा उचलला — केवढा गार! माझ्या उपरण्यात गुंडाळून गव्हाणीत ठेवला.

अंधश्रद्धेवर मी आजवर पाठवलेल्या बातम्यांची चळत घरी माळ्यावर आहे. असू दे तिथेच.

मंगळवार, १९ डिसेंबर

योगेश्वरीचा महोत्सव सुरू झाला. बातमीसाठी तासभर देवळाकडे. दुकानं, पाळणे, उसाचा रस. गर्दीत एक बाई नातीला गोष्ट सांगत होती — देवीचं लग्न परळीच्या वैजनाथाशी ठरलं होतं, वऱ्हाड निघालं, मुहूर्त चुकला आणि सगळं वऱ्हाड दगडाचं झालं. नातीने विचारलं, "मग नवरीचं काय?" म्हातारी म्हणाली, "नवरी हितंच ऱ्हायली."

लहानपणापासून ऐकलेली गोष्ट. पण नवरीचं काय, हे मी कधी विचारलं नव्हतं. मला नेहमी त्या दगडांचंच वाईट वाटायचं.

परत आलो तर सुकन्या झोपलेली. कपाळ थंड. थंडच.

गुरुवार, २१ डिसेंबर

कपाळ थंड नाही.

शुक्रवार, २२ डिसेंबर

रात्रभर हुडहुडी भरत होती म्हणे. मंगलने दोन ब्लँकेटं घातली, तिसरं अजमतबीने स्वतःचं. सकाळी डॉक्टरबाई आल्या, तपासलं, रक्त पाठवलं आणि मला बाहेर बोलावलं. बसल्या नाहीत. उभ्यानेच.

"काका, आता थांबायचं नाही. आत जंतू शिरलेत. बाळ आत ठेवलं तर आई जाईल."

"आणि बाळ बाहेर आलं तर?"

"प्रयत्न करू." बघू असंही नाही म्हणाल्या.

म्हणजे इतके दिवस मी जे मागत होतो, जिन्यात, एसटीत, पेटलेल्या मेणबत्तीसमोर जीभ आवळून — ते ऐकलं गेलं. थांब म्हटलं, थांबलं. आणि त्या थांबण्यातच विष साचत गेलं. प्रार्थना ऐकली जात नाही याची मला सवय आहे. ऐकली जाते तेव्हा काय करायचं?

डॉक्टरबाईंना विचारलं, आधीच काढलं असतं तर? "आम्हीही थांबलोच ना, काका," त्या म्हणाल्या. "तेव्हा थांबणंच बरोबर होतं." त्यांच्या डोळ्यांखाली काळं झालंय. त्यांना ते वाक्य पाठ नव्हतं. माझ्यासाठी शोधून काढलं.

प्रविणला फोन केला. म्हटलं, निघ.

संध्याकाळी तिला आत नेताना ती ग्लानीत होती. स्ट्रेचरबरोबर दारापर्यंत गेलो. दार लागलं. मग म्हणालो एकदाचं. कुणाला म्हणालो ते त्यालाच ठाऊक. ये. आता ये. लवकर ये.

शनिवार, २३ डिसेंबर

मुलगी.

रडली नाही, मांजराच्या पिलासारखा एक आवाज केला. काचेच्या पेटीत आहे, नळ्यांत. माझ्या तळहातात मावेल. नखं आहेत! बोटांना नखं आहेत, नीट.

सुकन्याचा ताप उतरत नाही. अतिदक्षता विभागात नेलंय. कुणाला ओळखत नाही.

प्रविण दुपारी पोचला. बीडला मोठी सभा, रस्ते गाड्यांनी भरलेले. मांजरसुंब्यापासून ट्रकच्या केबिनमध्ये बसून आला. अंगाला मळीचा वास. पेटीजवळ उभा राहिला, हात पाठीमागे बांधून. म्हणाला, "मामा, माझे हात लई घाण हायेत." धुऊन आला तरी मागेच बांधून उभा.

नाव काय ठेवायचं, मी विचारलं. पाळकसाहेबांना फोन लावून बाप्तिस्म्याचं विचारून ठेवलं होतं. तो म्हणाला, "तिला इचारल्याबिगर न्हाई. ती उठल्यावर."

रविवार, २४ डिसेंबर

यंदा चौथा आठवडा एका दिवसाचा. सकाळी चौथा रविवार, संध्याकाळी नाताळची पूर्वसंध्या. पंचांगानेसुद्धा घाई केली.

बाळ सकाळी गेलं. चर्चची घंटा व्हायच्या सुमाराला.

कपडे नव्हते. आधी घेऊ नयेत म्हणून मंगलने एक झबलंही आणलं नव्हतं. सुकन्याने एकदा दुकानात हात लावला तरी तिच्यावर ओरडली होती. मला शोधत अजमतबी आली. जिनतचे टाके चिघळले होते, त्यांना काल सुट्टी मिळालीय. आज फक्त ब्लँकेट न्यायला आली होती. पिशवीतून झबलं काढलं, पिवळं, किनारीला बदकं. "धुतलेलं न्हाई, नवं हाय. आमच्यावाल्याला मोटं व्हतंय." कुणालाही मोठंच होणार होतं ते. तिने स्वतः घातलं. दोन घड्या घालून पाठीशी टाचलं. मंगलला तिने जवळ घेतलं.

गावी नेलं. मंगल दवाखान्यातच राहिली, सुकन्याजवळ. खड्डा खणायला माणसं कुठली? सगळी फडात. प्रविणने खणला. मी पाटीने माती काढली. शमुवेल आजा मध्येच कुदळ मागत होते. दिली, दोन घाव घातले आणि रडत बसले. पाळकसाहेब मोटारसायकलवरून धुळीने माखून पोचले. लहानशी प्रार्थना केली. कुठलाही अर्थ सांगितला नाही. त्यांचे उपकार!

क्रूसावर नाव नाही. नुसती तारीख.

दगडाबाई म्हणाल्या, "सर, उद्या तुमी येऊ नका. आमी म्हनून घिऊ काय म्हनायचं ते. तुमी लेकीकडं जावा." मग वर, "तिच्याकडं. आयकलं का? तिच्याकडं."

सोमवार, २५ डिसेंबर

दगडाबाईंनी दोनदा का सांगितलं ते आज काचेबाहेर उभा असताना कळलं.

मी पाण्यासाठी प्रार्थना केली. थैलीसाठी केली. फुप्फुसांसाठी, दिवसांसाठी, कपाळ थंड राहावं म्हणून. या सबंध महिन्यात माझ्या लेकीसाठी एकही नाही. तिच्याकडे मी पिशवीकडे बघावं तसा बघत होतो, फाटू नये म्हणून. तिने तर सांगितलं होतं, वर एक तोंड आहे. मी मीठ आणून मोकळा झालो.

तीही कधीतरी आली होती. पावसाळ्यात, आमच्या गावी, सुईणीच्या हातावर. आणि मंगल ओरडत असताना मी ओसरीवर बसून व्याकरणाची लघुकौमुदी उघडी धरली होती, एक ओळ न वाचता. तेव्हाही ये, ये म्हणत होतो. ती आली. नंतर मी तिची वाट बघायचं सोडून दिलं. घरातल्या माणसाची कोण वाट बघतं?

डॉक्टरबाई आज सुट्टी असून आल्या. औषध बदललंय म्हणाल्या. बाकी काही नाही.

बाहेर कुठेतरी नाताळची गाणी लागली होती. प्रविण भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपला, तोंड उघडं. मी काचेला कपाळ लावून म्हणालो — सुकन्या, ये. रिकामी ये, कशीही ये. तूच ये.

नर्स म्हणाली, काका, काचेला टेकू नका.

मंगळवार, २६ डिसेंबर

तसंच. मंगलने आज एकदाही विचारलं नाही, डॉक्टर काय म्हणाले.

बुधवार, २७ डिसेंबर

पहाटे ताप उतरला. आठ वाजता एकेकाला आत सोडलं, आधी मला. डोळे उघडे होते. ओळखलं! बाळाचं कसं सांगायचं याची वाक्यं मी तीन दिवस जुळवत होतो. पहिलं वाक्य तोंडात आलं तेवढ्यात तिने सलाइनचा हात जरासा उचलला.

"मला माहीत आहे, बाबा. रडू आपण. आधी काहीतरी खायला द्या, लई भूक लागलीय."